टाकी अर्धी आणि डिस्प्लेवर सात

आमची सोसायटी पुण्यात, चार मजली, गच्चीवर आरसीसीची टाकी आहे सहा फूट खोल, आणि पंप खाली पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत. वॉचमन मामांना टाकी किती भरली ते बघायला प्रत्येक वेळी गच्चीवर चढायला लागायचं, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सोसायटीतल्या डिप्लोमा थर्ड इयरच्या एका मुलाने स्वतःहून सांगितलं की मी प्रोजेक्ट म्हणून लेव्हल इंडिकेटर करतो, खाली आकडा दिसेल. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून कमिटीने मला लक्ष ठेवायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत जे झालं ते इथे पूर्ण लिहितोय, कारण एन्कोडर आणि डिकोडर मी कित्येक मुलांना शिकवलेत पण या एका टाकीने जेवढं नीट समजलं तेवढं फळ्यावर कधीच समजावता आलं नव्हतं.

आधी रचना सांगतो. टाकीत आठ प्रोब, शून्य नंबरचा तळापासून ३ इंचावर आणि पुढचे प्रत्येकी ९ इंचाच्या अंतराने, म्हणजे सात नंबरचा ६६ इंचावर. एक कॉमन रॉड तळापर्यंत, त्याला ५ व्होल्ट. पाणी प्रोबला लागलं की पाण्यातून थोडासा करंट वाहतो, तो थेट टीटीएल आयसीला (५ व्होल्टवर चालणारी लॉजिकची चिप) पुरत नाही म्हणून प्रत्येक प्रोबला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर. आता गच्चीवरून खाली आठ वायरी आणायच्या तर केबल जाड आणि महाग, आणि मुळात आपल्याला आठ वेगवेगळ्या गोष्टी कळायला नकोच आहेत, एकच आकडा हवाय ० ते ७, तो तीन बिटमध्ये, म्हणजे ० किंवा १ असणाऱ्या तीन लाइनींत मावतो. एन्कोडरचं काम तेच, आठ लाइनी घ्यायच्या आणि त्यातली कुठली चालू आहे तिचा नंबर तीन लाइनींवर द्यायचा. खाली ७४४७ नावाचा डिकोडर त्या तीन बिटवरून सेव्हन सेगमेंटच्या, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या सात पट्ट्यांच्या डिस्प्लेच्या, कुठल्या पट्ट्या लावायच्या ते ठरवतो.

मुलाने एन्कोडर पुस्तकात असतो तसाच केला. शेवटचा बिट १, ३, ५, ७ या इनपुटचा ऑर (त्यातला एकतरी चालू असेल तर १), मधला २, ३, ६, ७ चा ऑर, वरचा ४, ५, ६, ७ चा ऑर. ७४३२ च्या तीन आयसी, झीरो पीसीबीवर स्वच्छ सोल्डरिंग, वायरींना रंग. ब्रेडबोर्डवर आठ स्विच लावून त्याने मला टेस्ट करून दाखवलं, एक एक स्विच दाबायचा आणि आकडा बघायचा, शून्यापासून सातपर्यंत सगळे बरोबर. मी पण बघून हो म्हटलं.

बसवल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाणी गेलं. मग चौथ्या दिवशी पण. मामा म्हणाले, "साहेब, मी सात झाल्यावरच बंद करतो पंप, सात म्हणजे फुल्ल असं सांगितलं होतं ना?" आधी सगळ्यांनी पंपावर संशय घेतला, मग टाकी गळतेय का म्हणून दोघं-तिघं वर जाऊन आले. पंप चालू असताना मी एकदा स्वतः गच्चीवर बसलो आणि मुलाला फोनवर खाली उभं केलं. पाणी चार नंबरच्या प्रोबला लागलं आणि खालून आवाज आला, "काका, सात आला."

चार नंबरला, म्हणजे ३९ इंचावर. फुल्ल लेव्हलच्या साठ टक्क्यांच्या आसपास.

मी त्याला म्हटलं आता पंप बंद नको करू, चालू राहू दे, आणि आकडे लिहून काढ. त्याने लिहिलं: ०, १, ३, ३, ७, ७, ७, ७. हा कागद मी ठेवलाय अजून, कारण सगळं उत्तर त्याच्यातच आहे. २ कधी दिसलाच नाही. ४, ५, ६ पण नाही. वायरिंग चुकलं असतं तर आकडे वेडेवाकडे, उलटसुलट आले असते, पण हे चढत चढत आलेत आणि फक्त १, ३, ७ आलेत, बायनरीत १, ११, १११. म्हणजे बिट एकावर एक साठत चाललेत.

आणि साठणारच, कारण पाणी स्विचसारखं वागत नाही. पाणी चार नंबरला पोचतं तेव्हा तीन, दोन, एक पण बुडालेलेच असतात. ऑर गेटला त्यातलं कुठलं खरं महत्त्वाचं हे कळायचा काही मार्गच नाही, तो सगळ्यांचे कोड एकमेकांवर ठेवतो. एक आणि दोन चालू, ०१ वर १० ठेवला की ११, तीन. त्यात चार म्हणजे १०० आला की १११, सात. त्यानंतर काहीही बुडालं तरी सातच्या वर जागाच नाही.

पुस्तकातल्या एन्कोडरच्या ट्रुथ टेबलला, म्हणजे कुठल्या इनपुटला कुठला आउटपुट त्या तक्त्याला, आठ ओळी असतात, प्रत्येक ओळीत एकच १. पण आठ इनपुटच्या शक्यता २५६ होतात. उरलेल्या २४८ ओळी त्या टेबलात लिहिलेल्याच नसतात, गृहीत धरलेलं असतं की त्या कधी येणार नाहीत. की-बोर्डसारख्या ठिकाणी बहुतेक वेळा चालून जातं ते, माणूस एका वेळी एक बटण दाबतो. टाकीत मात्र एकच प्रोब चालू असण्याची वेळ तळाशीच काय ती येते, बाकी पूर्ण वेळ आपण त्या न लिहिलेल्या ओळींतच असतो. आणि आमची टेस्ट? एक एक स्विच दाबायचा. जे गृहीत सर्किटमध्ये धरलं तेच टेस्टमध्ये पण धरलं, मग चूक सापडणार कुठून. स्विच दाबून ठेवून पुढचा दाबला असता तर दोन नंबरच्याच स्विचला ३ दिसला असता. मी हो म्हटलं होतं ते या टेस्टवर, म्हणून कमिटीला सांगताना मी मुलाला बाजूला ठेवलं आणि चूक माझी म्हणून सांगितलं.

उपाय सरळ होता, प्रायॉरिटी एन्कोडर. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ७४एलएस१४८ आणला. ही आयसी एकाच वेळी कितीही इनपुट चालू असले तरी त्यातला सगळ्यात मोठ्या नंबरचा धरते आणि खालचे सोडून देते. आतमध्ये गेट अशा जोडलेल्या असतात की वरचा इनपुट चालू असेल तर तो खालच्यांची वाट अडवतो, म्हणजे एक नंबरच्या इनपुटला शेवटचा बिट लावायचा असेल तर २, ४, ६ त्या वेळी बंद असावे लागतात. ३, ५, ७ ची पर्वा करायची गरज नाही कारण ते चालू असले तर तो बिट असाही १ च आहे. ही बारीक गोष्ट मुलाने आपली आपण कागदावर काढली आणि मला दाखवायला रात्री साडेदहाला घरी आला, त्याचा चेहरा बघून फार बरं वाटलं.

१४८ चे इनपुट आणि आउटपुट दोन्ही ॲक्टिव्ह लो असतात, म्हणजे "चालू" हे लो (०) ने दाखवतात, हाय (१) ने नाही. इनपुटचं आम्हाला उलट सोयीचं झालं, कारण प्रोबचा ट्रान्झिस्टर चालू झाला की कलेक्टर (त्याचा आउटपुटचा पाय) खालीच ओढला जातो, तो थेट जोडला. आउटपुट मात्र उलटे येतात, चौथ्या लेव्हलला १०० ऐवजी ०११. पहिल्यांदा तसंच ७४४७ ला दिलं तर रिकाम्या टाकीला सात आणि भरलेल्या टाकीला शून्य, बरोब्बर सातातून वजा केल्यासारखं. ७४०४ चे इन्व्हर्टर, म्हणजे बिट उलटा करणाऱ्या गेट, लावले. लावल्यावर काहीही केलं तरी शून्यच. अर्धा तास गेला आणि मग दिसलं की पिन ५, एनेबल इनपुट (आयसी चालू-बंद करणारी पिन), इन्व्हर्टर लावताना मोकळी राहिलीय. टीटीएलमध्ये मोकळा इनपुट हाय समजला जातो, ही पिन ॲक्टिव्ह लो, म्हणजे आयसी बंदच होती, सगळे आउटपुट हाय, इन्व्हर्टरनंतर तीन शून्य. पिन ग्राउंड केली आणि ० ते ७ सगळे आकडे ओळीने आले. फक्त सहा बघून मामा म्हणाले हा सहा आहे का इंग्रजी बी, कारण ७४४७ चा सहा वरच्या पट्टीशिवाय येतो, नऊ पण खालच्या पट्टीशिवाय. ती त्या आयसीची ठेवणच आहे, आतल्या डिकोडरमध्ये प्रत्येक पट्टीचं स्वतंत्र गणित असतं, जसं की डाव्या खालची पट्टी फक्त ०, २, ६, ८ ला लागते, आणि ते गणित करणाऱ्यांनी सहाला वरची पट्टी दिली नाही.

यानंतर दीड-दोन महिने सुरळीत गेले.

मग गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. एका संध्याकाळी मामांनी डिस्प्लेवर शून्य बघून पंप लावला, शून्य हललाच नाही, त्यांना वाटलं प्रेशर कमी असेल, आणि तासाभराने पाणी जिन्यातून खाली यायला लागलं. टाकी सुरुवातीपासूनच जवळजवळ भरलेली होती. कामाच्या गडबडीत कॉमन रॉडची वायर तुटली होती, त्यामुळे आठही प्रोब बंद, आणि आठही बंद असताना १४८ चे आउटपुट जे असतात तेच शून्य नंबरचा प्रोब चालू असतानाही असतात. दोन्ही वेळा १११, उलटवून ०००.

या ठिकाणी मी मुलाला मोजायला सांगितलं, टाकीच्या एकूण अवस्था किती? त्याने आठ सांगितलं. मी म्हटलं परत मोज. एकही प्रोब बुडाला नाही ही एक, एक बुडाला ही दुसरी, असं करत आठही बुडाले ही नववी. नऊ अवस्था आणि तीन बिटमध्ये जागा आठच. कुठल्या तरी दोन अवस्थांना एकच कोड मिळणार हे आयसी उघडायच्या आधीच ठरलेलं होतं, फक्त कुठल्या दोन ते आयसीवाल्यांनी ठरवलं. आणि म्हणूनच त्यांनी चौथी लाइन पण दिलीय, पिन १४, ग्रुप सिलेक्ट, जीएस. एकतरी इनपुट चालू असेल तर ती लो, काहीच नसेल तर हाय. आम्ही ती मोकळी सोडली होती कारण तिचा उपयोग काय हे दोघांनाही तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

शून्य नंबरचा प्रोब तळापासून ३ इंचावर, आणि टाकीचा आउटलेट त्याच्या वर आहे. म्हणजे टाकी कितीही वापरली तरी तो प्रोब पाण्यातच राहतो, टाकी धुताना सोडून. तर मग जीएस हाय झाली याचा अर्थ टाकी रिकामी असा नाही, काहीतरी तुटलंय असा घ्यायचा. केबलमध्ये एक जोडी शिल्लक होती तिच्यातून जीएस खाली आणली, १० के च्या रेझिस्टरमधून एका बीसी५४७ ला दिली आणि त्याचा कलेक्टर ७४४७ च्या पिन ४ ला, ती पिन लो झाली की सगळ्या पट्ट्या विझतात. मामांना सांगितलं, आकडा दिसला तर विश्वास ठेवा, काळा दिसला तर पंपाला हात लावू नका, मला फोन करा. आणि पूर्ण केबलच तुटली तर? जीएसची वायर खाली मोकळी पडणार, पुलअप (वायरला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावलेला आहे, ती हाय होणार, डिस्प्ले काळा. ॲक्टिव्ह लो सिग्नल का वापरतात असं मुलं नेहमी विचारतात. ही केस मला त्याच्यासाठी सगळ्यात आवडते, वायर तुटल्यावर सिग्नल आपोआप "नाही"च्या बाजूला पडतो.

तिसरा भाग पंप आपोआप चालू-बंद करण्याचा. इथे खरा डिकोडर आला, ७४१३८, तीन बिट घेऊन आठ लाइनींपैकी एकच लो करणारा. एक नंबरची लाइन लो झाली की पंप चालू, सात नंबरची झाली की बंद, मधे आहे तसाच राहायचा, म्हणून ७४०० च्या दोन नँड गेटचा लॅच, म्हणजे शेवटची अवस्था धरून ठेवणारं सर्किट. १३८ चे आउटपुट ॲक्टिव्ह लो आणि नँड लॅचला पण लोच लागतो, मधे काही घालावं लागत नाही. रिले, कॉन्टॅक्टर (पंपाचा विजेवर चालणारा मोठा स्विच), झालं.

आणि दोन-चार दिवसांतून एकदा पंप अर्ध्यातच बंद पडायला लागला, डिस्प्लेवर ४ असताना.

रोज नाही, ठरावीक वेळेला नाही. कॉन्टॅक्टर बदलून बघितला, सप्लाय बघितला. मग मुलगाच म्हणाला, "काका, नेहमी चारलाच का पण? तीनला नाही, पाचला नाही." तीन म्हणजे ०११ आणि चार म्हणजे १००. तिन्ही बिट एकदम बदलतात. एकदम असं आपण म्हणतो, पण प्रत्येक बिटचा आयसीमधला रस्ता वेगळा, केबलमधली वायर वेगळी, काही नॅनोसेकंद कुणी पुढे कुणी मागे. वरचा बिट आधी १ झाला आणि खालचे दोन अजून ० व्हायचे राहिलेत, तेवढ्या वेळात १३८ ला १११ दिसतो आणि तो प्रामाणिकपणे सात नंबरची लाइन लो करतो. आपल्याला डिस्प्लेवर हे कधीच दिसणार नाही. पण लॅच बघत बसलेलाच असतो, त्याला एवढंसं टोक, म्हणजे क्षणभराचा लो, पुरतं. त्यात वरून पाणी पडत असताना टाकीत लाटा, चार नंबरचा प्रोब एका मिनिटात कितीतरी वेळा भिजतो-सुटतो, प्रत्येक वेळी नवीन संधी. ५ वरून ६ ला जाताना पण हे होऊ शकतं, १०१ वरून ११० ला जाताना मधला बिट आधी आला तर १११. पण तिथे टाकी जवळजवळ भरलेली, कुणाच्या लक्षात येत नाही.

हे नुसतं कागदावर म्हणून सोडायचं नव्हतं. ७४०० मधल्या दोन गेट रिकाम्या होत्या, त्यांचा दुसरा लॅच करून सात नंबरच्या लाइनला लावला आणि त्यावर एलईडी. मग फक्त चार नंबरची वायर हाताने लावायची-काढायची, बाकी १, २, ३ चालू. दहा-पंधरा वेळात एलईडी लागला. सात नंबरचा प्रोब तर टेबलावर सुटा पडलेला.

मुलाने सात नंबरच्या लाइनवर कपॅसिटर लावून बघितला, एलईडी लागायचा बंद झाला, पण मला ते पटलं नाही, आज टोक गिळलं म्हणून उद्याचं मोठं टोक गिळेलच असं नाही. दुसरा मार्ग ग्रे कोडचा, बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांना १९५३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, त्यात शेजारच्या दोन आकड्यांत एकच बिट बदलतो त्यामुळे हा प्रश्नच उभा राहत नाही, पण १४८ आणि ७४४७ दोघांनाही ग्रे कोड येत नाही.

शेवटी जे केलं ते असं. खाली केबल येते तिथे ७४१७५ लावला, चार फ्लिपफ्लॉपवाला (फ्लिपफ्लॉप म्हणजे एक बिट धरून ठेवणारा), आणि ५५५ या टायमर आयसीवरून साधारण सेकंदाला एक क्लॉक, म्हणजे ठोका. तीन बिट आणि जीएस हे चारही त्यात सेकंदातून एकदा घेतले जातात, मधल्या वेळात वर कितीही लाटा असू दे. १७५ प्रत्येक बिट सरळ आणि उलटा असा दोन्ही देतो म्हणून ७४०४ काढूनच टाकला. राहिला १३८. फ्लिपफ्लॉपचे बिट पण थोडे मागेपुढे बदलतातच, म्हणून तोच क्लॉक १३८ च्या पिन ४ ला दिला, ती ॲक्टिव्ह लो एनेबल आहे. क्लॉक हाय झाला की १७५ नवीन आकडा घेतो आणि १३८ त्याच क्षणी गप्प होतो, क्लॉक परत लो होईपर्यंत आकडा कधीचा स्थिर झालेला असतो, मगच १३८ बोलतो. वर्गात या एनेबल पिना "जास्तीच्या" म्हणून आपण भराभर पुढे जातो, किंवा दोन १३८ जोडून १६ लाइनी करायला तेवढ्या सांगतो. बिट हलत असताना डिकोडरला गप्प ठेवणं हा त्यांचा तितकाच मोठा उपयोग आहे.

जीएसचा उलटा आउटपुट १३८ च्या पिन ६ ला गेला, ही ॲक्टिव्ह हाय एनेबल, म्हणजे वायर तुटली की डिकोडर पूर्ण बंद. इथे मुलाने मला थांबवलं. म्हणाला, डिकोडर बंद झाला तरी लॅच आहे तसाच राहणार, पंप चालू असताना वायर तुटली तर चालूच राहील की. अगदी बरोबर होतं त्याचं, माझ्या नजरेतून सुटलं होतं. ७४०० च्या जागी ७४१० घातला, तीन इनपुटच्या नँड, आणि बंद करणाऱ्या गेटच्या तिसऱ्या इनपुटला तोच जीएसचा उलटा सिग्नल. आता वायर तुटली तर डिस्प्ले काळा आणि सेकंदाभरात पंप बंद. रनिंगमध्ये केबलचा कनेक्टर उपटून मामांच्या समोर तीनदा दाखवलं.

एक विचारलं जातं की पंपाला फक्त एक आणि सात हे दोनच प्रोब लागतात तर थेट दोन वायरी खाली का नाही आणल्या, एन्कोड करून परत डिकोड करायची काय गरज. प्रश्न योग्य आहे. फक्त पंप हवा असता तर मी तेच केलं असतं. मामांना आकडा बघायचा होता आणि चार वायरींत दोन्ही कामं झाली.

तांब्याच्या प्रोबची टोकं दोन महिन्यांत हिरवी पडली होती, डीसी दिल्यावर ते होतंच, आता स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आहेत. सात नंबरच्या प्रोबची एकट्याची वायर तुटली तर हे सर्किट अजूनही फसतं. जीएसला काहीच कळणार नाही कारण बाकीचे प्रोब चालू असतात, डिस्प्ले सहावर थांबतो आणि पंप चालूच राहतो. त्यासाठी टाकीच्या काठाशी एक फ्लोट स्विच टाकलाय, कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये, तो कुठल्याही आयसीला विचारत नाही. पावसाळ्याआधी मुलगा आणि मी वर जाऊन एक एक प्रोब सोडून बघतो, आणि आता सोडताना खालचे सगळे लावलेलेच ठेवतो.